सोमवारच्या सहा गोळ्या आणि मानेतली गाठ: एक प्रकरण

पहिला रिपोर्ट माझाच होता, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

गणपती नुकतेच उठले होते. मानेच्या गाठीतून सुईने काढलेल्या नमुन्याच्या चार काचपट्ट्या टेबलावर आल्या. सोबतच्या फॉर्मवर एवढंच होतं: स्त्री, वय ५४, डाव्या बाजूला मानेत गाठ, महिन्यापासून संध्याकाळचा ताप, पुढे प्रश्नचिन्ह आणि टीबी. पट्ट्यांवर मेलेल्या पेशींचा चुरा होता, लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी अशा संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी होत्या, आणि अधूनमधून ठळक केंद्रकाच्या काही मोठ्या पेशी. क्षयरोगात दिसतो तो पेशींचा पुंजका, म्हणजे ग्रॅन्युलोमा, नीट असा कुठे सापडला नाही. क्षयजंतूंसाठीचा झेडएन स्टेन निगेटिव्ह आला. मी लिहिलं: ‘नेक्रोटायझिंग लिम्फॅडेनायटिस (पेशी मरत असलेली, सुजलेली लिम्फ ग्रंथी), क्षयरोगाची शक्यता विचारात घ्यावी.’

मानेत गाठ, ताप, उतरलेलं वजन आणि घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, विडी कामगारांच्या वस्तीतलं. सोलापुरात पॅथॉलॉजी करणाऱ्या कुणाचाही हात आपोआप हेच लिहितो. त्या मोठ्या पेशींबद्दल एक ओळ लिहायला हवी होती. ‘पूर्ण गाठ काढून पाहावी’ एवढं म्हटलं असतं तरी पुढचे सहा महिने वेगळे गेले असते. मी ते लिहिलं नाही.

अक्का

रुग्णबाईंना इथे अक्का म्हणतो. घरात, गल्लीत सगळे त्यांना तेच म्हणतात, आणि पूर्व भागात ‘अक्का’ अशी हाक मारली तर दहा दारं उघडतील, तेव्हा ओळख पटायची भीती नाही. बाकीचे काही तपशीलही बदलले आहेत.

अक्कांनी तीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, पत्र्याच्या मापाने कातरलेलं तेंदूचं पान, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, दोरा, आणि शेवटी टोक नखाने आत दुमडायचं. हिशेब हजाराचा. त्या दुमडण्याचा सगळा भार अंगठ्यावर आणि शेजारच्या बोटाच्या पेरांवर येतो. नऊ वर्षांपूर्वी नेमकी तीच पेरं सुजायला लागली. सकाळी तास-दीड तास मूठ मिटायची नाही. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, रक्तातल्या या दोन्ही चाचण्या पॉझिटिव्ह. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो.

पुण्याच्या तज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं. आठवड्यातून एकदा १५ मि.ग्रॅ., म्हणजे अडीच मि.ग्रॅ.च्या सहा गोळ्या एकाच दिवशी. दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड, रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि लागेल तसं थोडं स्टेरॉइड. वार कुठला, असं विचारल्यावर अक्का म्हणाल्या सोमवार. सिद्धेश्वराचा वार, विसरणार कोण!

हा वार साधी गोष्ट नाही. आठवड्याची ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर थोड्याच दिवसांत तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात. अशा रुग्णांची अस्थिमज्जा मी मायक्रोस्कोपखाली पाहिली आहे: पेशींची वस्ती उठून गेलेली आणि मागे नुसती चरबी. तिथे साधं फॉलिक ॲसिड पुरत नाही, फॉलिनिक ॲसिड द्यावं लागतं. अक्कांनी नऊ वर्षांत ही चूक एकदाही केली नाही. पुढे जे घडलं ते औषध शिस्तीत घेणाऱ्या बाईला घडलं, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचावं.

पुण्याच्या फेऱ्या मात्र दोन-अडीच वर्षांनी थांबल्या. हात चालत होते, हजाराचा हिशेब पुरा होत होता; गाडीभाडं घालून एका दिवसाची मजुरी कशाला बुडवायची? तीच चिठ्ठी मेडिकलमध्ये चालत राहिली. घडीवर फाटली तेव्हा तिला चिकटपट्टी लागली. रक्ताची तपासणी झाली तर झाली.

गाठ गेली

माझा रिपोर्ट हातात आल्यावर उपचार करणाऱ्या फिजिशियननी क्षयरोगाचं औषध, म्हणजे एकेटी, सुरू केलं. क्षयजंतूचा अंश शोधणारी सीबीनॅट चाचणी निगेटिव्ह होती, छातीचा एक्स-रे साफ होता, पण अंगातली सूज दाखवणारा ईएसआर ९२, हिमोग्लोबिन ९.२ आणि वजन पाच किलोने उतरून ४६ वर आलेलं. वजनाच्या हिशेबाने चार औषधांच्या एकत्रित गोळ्या रोज तीन. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

त्याच दिवशीच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये एक आकडा होता. पांढऱ्या पेशी ५,८००, त्यात लिम्फोसाइट १२ टक्के. टक्केवारीकडे बघून काही वाटत नाही. गुणाकार केला की कळतं, लिम्फोसाइट जेमतेम ७०० आहेत, हजाराच्याही खाली. तो गुणाकार कुणी केला नाही. रिपोर्ट माझ्याच लॅबचा होता.

एकेटी सुरू करताना फिजिशियननी आणखी एक गोष्ट केली, आणि ती योग्यच होती. ‘सोमवारच्या गोळ्या तूर्त बंद ठेवा, दोन्ही औषधं लिव्हरला जड जातील,’ असं त्यांनी सांगितलं. सांगितलं, लिहिलं नाही. केसपेपरवर एकेटी सुरू केल्याची तारीख आहे, डोस आहे, वजन आहे. मेथोट्रेक्सेट बंद केल्याची नोंद नाही, कारण ते चालू होतं अशीही नोंद नव्हती.

तीन आठवड्यांत गाठ गेली. ताप गेला. भूक लागली. औषध लागू पडलं म्हणून घरात सगळे खूश, दवाखान्यातही समाधान.

इथे थोडं थांबतो. क्षयाच्या गाठी अशा वागत नाहीत. औषध सुरू झाल्यावर त्या सावकाश, महिन्यांच्या हिशेबाने ओसरतात. काहींच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत उलट वाढतात, शेजारी नवीही येते, आणि औषध चुकीचं नसूनही रुग्ण घाबरून परत येतो. कोर्स संपला तरी वाटाण्याएवढी गाठ मागे राहणं नवलाचं नाही. तीन सेंटिमीटरची गाठ वीस दिवसांत सफाचट होते तेव्हा भुवई वर जायला हवी. पण बऱ्या होत चाललेल्या माणसाला ‘इतक्या लवकर बरे कसे झालात?’ असं कोण विचारतं?

हात गेले

दिवाळीनंतर सांधे पेटले. मेथोट्रेक्सेट बंद होतं हे एक कारण. दुसरं जास्त आडवाटेचं. एकेटीतलं रिफॅम्पिसिन यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा जोरात चालवतं आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड भराभर मोडून जातं. अक्का रोज ५ मि.ग्रॅ. स्टेरॉइड घेत होत्या. अंगी लागत होतं त्याहून बरंच कमी. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नातवाला पाळण्यात बसवायला नेलं तेव्हा पाण्याची बाटली त्यांना एका हाताने धरवेना. विड्या तर कधीच्या बंद पडल्या होत्या.

गड्डा उठल्यावरच्या सोमवारी सुनेने जुनी चिठ्ठी काढली, मेडिकलमधून पट्टी आणली, आणि सहा गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. फेब्रुवारीच्या शेवटी बोटं उघडायला लागली. मार्चच्या मध्यावर मानेतली गाठ परत आली. या वेळी काखेतही होती, आणि डावा टॉन्सिल सुजून गिळताना घास अडकायला लागला.

एकेटीचा सहावा महिना चालू होता. औषधाला न जुमानणारा क्षय, म्हणजे रेझिस्टंट टीबी, ही शंका सगळ्यांच्या मनात आली आणि ती वावगी नव्हती. पण सर्जननी या वेळी सुई न घालता काखेतली गाठ पूर्ण काढली आणि दोन डब्यांत पाठवली: एक भाग फॉर्मेलिनमध्ये, एक सलाइनमध्ये. हे लिहितोय कारण असं क्वचित होतं. बहुतेक वेळा अख्खी गाठ फॉर्मेलिनमध्ये बुडवून येते, आणि फॉर्मेलिनने जंतू मेल्यावर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, कशाचं लावणार? सलाइनमधला भाग कल्चरला गेला. बेचाळीस दिवस ठेवूनही त्यात काही वाढलं नाही.

फॉर्मेलिनमधला भाग मी कापला. साडेतीन सेंटिमीटरची गाठ, आतून मासळीच्या मांसासारखी पांढुरकी, मध्ये पिवळट मेलेले पट्टे. क्षयाचा पनीरासारखा भुगा नव्हता. स्लाइडवर लिम्फ नोडची मूळची घडण पुसली गेली होती. नुसत्या एकाच जातीच्या पेशींची गर्दी असती तर काम सोपं झालं असतं. इथे बारीक लिम्फोसाइट, प्लाझ्मा पेशी, हिस्टिओसाइट असा सगळा बाजार होता आणि त्यात मोठ्या पेशी. काही दोन केंद्रकांच्या, घुबडाच्या डोळ्यांसारख्या. पहिला विचार हॉजकिन्स लिम्फोमाचा, म्हणजे लिम्फ ग्रंथींच्या एका कर्करोगाचा, आला. मग सप्टेंबरच्या काचपट्ट्या कपाटातून काढून शेजारी ठेवल्या. तेव्हाही त्या पेशी तिथेच होत्या.

गाठीचा मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, मुंबईला पाठवला. आठवड्याभरात उत्तर आलं. सीडी म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा; मोठ्या पेशी सीडी २० ला आणि सीडी ३० ला पॉझिटिव्ह, सीडी १५ ला निगेटिव्ह, सीडी ४५ शाबूत; म्हणजे नेहमीच्या हॉजकिन्सचा साचा जुळत नव्हता. आणि एपस्टीन-बार विषाणू शोधणारी ‘एबर’ चाचणी ठसठशीत पॉझिटिव्ह.

एवढ्यावर रिपोर्ट देता आला असता: ईबीव्ही (एपस्टीन-बार विषाणू) पॉझिटिव्ह बी-सेल लिम्फोमा. रिपोर्ट गेला असता, अक्का पुण्या-मुंबईला गेल्या असत्या आणि केमोथेरपीच्या सहा सायकल सुरू झाल्या असत्या. मला खटकत होती ती एकच गोष्ट. हा आजार खरा असेल, तर ऑक्टोबरमध्ये तो गेला कुठे होता? क्षयाच्या औषधाने लिम्फोमा बरा होत नाही.

सर्जनना फोन लावला. ‘बाईंना कुठली औषधं चालू आहेत?’ ‘एकेटी.’ ‘त्याआधी?’ ‘सांधेदुखीचं काहीतरी घेतात वाटतं.’

भिंतीवरची दिनदर्शिका

अक्का, त्यांचा टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा मुलगा आणि सून दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आले. सुनेच्या हातात चिठ्ठ्यांनी भरलेली प्लास्टिकची पिशवी होती आणि सुरळी केलेल्या दोन दिनदर्शिका, गेल्या वर्षीची आणि चालू. ‘आमचं सगळं ह्याच्यावरच असतंय,’ ती म्हणाली.

खरंच सगळं होतं. गॅस लावल्याची तारीख, भिशीचे हप्ते, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाला येणाऱ्या पाहुण्यांची नावं, विड्यांचे आकडे. आणि प्रत्येक सोमवारभोवती लाल पेन्सिलचा गोल. आजीने गोळ्या घेतल्या की गोल काढायचा, हे नातवाचं काम. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, ओळीने गोल. सप्टेंबरपर्यंत एकही सोमवार सुटला नव्हता. ऑक्टोबर कोरा. नोव्हेंबर, डिसेंबर कोरे. चालू वर्षाच्या दिनदर्शिकेवर जानेवारीच्या अखेरीस गोल पुन्हा सुरू, थेट आदल्या सोमवारपर्यंत.

‘अक्का, ह्या सोमवारी गोळ्या नाही घेतल्या?’

‘बंद करा म्हणाले होते ना साहेब. टीबीच्या चालू होत्या.’

‘मग परत सुरू करा कुणी सांगितलं?’

‘कोण सांगणार! हातात तांब्या धरवंना. चिठ्ठी होती घरात.’ मग जरा थांबून, ‘चुकलं का काय?’

मी कागदावर दोन रेघा मारल्या, एक गाठीची आणि एक लाल गोलांची. गोल थांबले, तीन आठवड्यांत गाठ गेली. गोल सुरू झाले, सात आठवड्यांत गाठ आली. एकेटी या सगळ्या काळात एकसारखं चालू होतं. सहा महिने आम्ही सगळे काय सुरू केलं त्याकडे बघत होतो. गाठ हलत होती ती काय बंद केलं त्यावर.

औषधाने केलेला आजार

एपस्टीन-बार विषाणू १९६४ मध्ये एपस्टीन, अचाँग आणि बार यांना आफ्रिकेतल्या मुलांच्या बर्किट लिम्फोमाच्या पेशींत दिसला. आज जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात तो आहे, बहुधा तुमच्या-माझ्याही. लहानपणी येतो आणि बी लिम्फोसाइटमध्ये जन्मभर मुक्काम ठोकतो. टी लिम्फोसाइट त्याच्यावर पहारा ठेवतात म्हणून तो गप्प असतो. मेथोट्रेक्सेट हा पहारा ढिला करतं. शिवाय हे औषध झोपलेल्या विषाणूला स्वतःच डिवचतं, असंही प्रयोगशाळेत दिसलं आहे. आणि आमवात हा आजारच मुळात बी पेशींना वर्षानुवर्षं चेतवत ठेवणारा: औषध घेतलं-न घेतलं तरी या रुग्णांना लिम्फोमाचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट, आणि सांधे जितके जास्त धगधगते तितका तो जास्त. त्यामुळे एखाद्या रुग्णात दोष औषधाचा की आजाराचा, हे ठरवणं फार अवघड असतं. अक्कांच्या बाबतीत ते ठरलं, कारण औषध बंद करणं आणि परत देणं हा प्रयोग कुणी न ठरवता होऊन गेला होता. मुद्दाम असा प्रयोग कुणी करू नये आणि करतही नाही.

मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांमध्ये असे लिम्फोमा दिसू लागल्याची नोंद १९९१ ची. औषध थांबवल्यावर केमोथेरपीविना ते विरघळू शकतात, हे १९९३ मध्ये पुढे आलं. साधारण निम्म्या रुग्णांत एपस्टीन-बार सापडतो, आणि तो असेल तर गाठी आपणहून ओसरण्याची शक्यता जास्त. ओसरायच्या असतील तर बहुधा दोन ते चार आठवड्यांत सुरुवात होते, आणि रक्तातले लिम्फोसाइट वर चढू लागणं ही तिची चाहूल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात अशा आजाराचं नाव तीन तुकड्यांत लिहायचं असतं: पेशी कशा दिसतात, विषाणू कोणता, आणि प्रतिकारशक्ती कशामुळे ढासळली. पहिले दोन तुकडे मायक्रोस्कोप देतो. आमच्या रिपोर्टातला तिसरा तुकडा लाल पेन्सिलने दिला.

उपचारातून उद्भवणारे रक्ताचे सगळे आजार असे माघार घेत नाहीत, हेही सांगायला हवं. स्तनाच्या कर्करोगासाठी किंवा आधीच्या लिम्फोमासाठी दिलेल्या केमोथेरपीने, रेडिएशननेही, मज्जेतल्या मूळ पेशींच्या गुणसूत्रांवर घाव बसू शकतो. सायक्लोफॉस्फामाइडच्या जातीच्या औषधांनंतर पाच ते दहा वर्षांनी, बहुधा पाचव्या किंवा सातव्या गुणसूत्राचा तुकडा हरवून, आणि एटोपोसाइडच्या जातीनंतर एक ते तीन वर्षांतच ल्युकेमिया उभा राहू शकतो. तिथे औषध केव्हाच संपलेलं असतं, बंद करायला काही उरलेलं नसतं. किडनी बदललेल्या रुग्णांतला लिम्फोमा मात्र अक्कांच्या आजाराचा सख्खा भाऊ: तिथेही पहारा औषधांनी हटवलेला असतो आणि पहिला उपाय ती औषधं कमी करण्याचा.

थोडं विषयांतर करतो. हे औषध ज्यांच्या चमूने अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत घडवलं ते येल्लाप्रगडा सुब्बाराव १८९५ मध्ये भीमावरमला जन्मलेले, म्हणजे अक्कांच्या माहेरच्या भाषेचे. त्याचं आधीचं भावंड अमिनोप्टेरिन वापरून सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये मुलांच्या ल्युकेमियाला पहिल्यांदा काही काळ माघार घ्यायला लावली. आणि ही औषधं ज्याच्या वाटेत आडवी येतात त्या फॉलिक ॲसिडचा माग लागला तो मुंबईत: १९२८ नंतर लुसी विल्स यांना गिरणगावातल्या गर्भवती कामगार बायकांचा ॲनिमिया यीस्टच्या अर्काने बरा होताना दिसला. रक्ताच्या कर्करोगावर जन्मलेल्या औषधाने रक्ताच्या पेशींचीच गाठ करावी, आणि तीही गिरण्यांच्या गावातल्या एका तेलुगू बाईच्या मानेत, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

हे वाचून कुणी सोमवारची गोळी फेकून देऊ नये. आमवातात आजही पहिलं औषध मेथोट्रेक्सेटच आहे, सांधे वाकडे होण्यापासून तेच वाचवतं, आणि हा दुष्परिणाम विरळा आहे. अक्कांना नऊ वर्षं विड्या वळता आल्या त्या याच औषधावर.

काही न करण्याचे तीन आठवडे

रक्तविकारतज्ज्ञांशी बोलणं झालं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: श्वास कोंडत नाही, लिव्हर-किडनी ठीक आहे, लिम्फोमात चढणारं एलडीएच थोडंच वाढलंय; मेथोट्रेक्सेट आज बंद करा आणि तीन आठवडे थांबा. गाठी वाढल्या तर बी पेशी मारणारं रिटुक्सिमॅब आणि केमोचा रस्ता उघडा आहेच. एकेटीचे दोन आठवडे उरले होते, ते पुरे होऊ द्यायचं ठरलं. क्षय मुळात होता का? नसावा, असं माझं मत आहे. पण मत वेगळं आणि पुरावा वेगळा.

एक गोष्ट त्यांनी बजावली: सांधे कितीही दुखोत, या तीन आठवड्यांत स्टेरॉइड वाढवायचं नाही. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या गाठी तात्पुरत्या आक्रसतात. ते वाढवलं असतं तर गाठ कशाने गेली, हा घोळ पुन्हा पहिल्यापासून.

हे कुटुंबाला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. मुलाचा प्रश्न होता, ‘साहेब, कॅन्सर आहे की नाही, एवढंच सांगा.’ मी म्हणालो, ‘मायक्रोस्कोपखाली कॅन्सरसारखं दिसतंय, पण औषध बंद केल्यावर जाईल असं वाटतंय.’ त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेलो नाही. गल्लीतल्या जाणत्यांनी सल्ला दिला की इथे वेळ घालवू नका, रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडा आणि परळ गाठा. सल्ला प्रेमाचाच होता. गाठ आहे, कॅन्सरचा शब्द निघालाय, आणि डॉक्टर म्हणतात काही देऊ नका. कुणाच्याही घरात हे पचणार नाही. मी मुलाला दिनदर्शिका पुन्हा उलगडून दाखवली. ऑक्टोबर दाखवला. तो बराच वेळ त्या कोऱ्या सोमवारांवर बोट फिरवत बसला आणि म्हणाला, ‘तीन आठवडे. चौथ्याला मी घेऊन जाणार.’

लिम्फोसाइट त्या दिवशी ६४० होते. दर सोमवारी रक्त घ्यायचं ठरलं. वार अक्कांनीच निवडला. पुढच्या सोमवारी ७१०, त्याच्या पुढच्या १,०८०. गिळताना अडकणं थांबलं. तिसऱ्या सोमवारी मानेतली गाठ बोटांना शोधावी लागली. चौथ्या आठवड्यात आकडा १,४५० वर होता आणि परळचा विषय कुणी काढला नाही. दहा आठवड्यांनी केलेल्या पेट-स्कॅनमध्ये कुठेही काही चमकलं नाही.

सांध्यांचा प्रश्न मात्र सुटला नव्हता, आणि अक्कांच्या लेखी खरा आजार तोच. मेथोट्रेक्सेट आता कायमचं वर्ज्य. सूज भडकवणारं टीएनएफ रोखणारी इंजेक्शनंही नकोत, लिम्फोमा होऊन गेलेल्या माणसाला ती शक्यतो टाळतात. क्षयाची शंका असताना तर नकोच. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनला सल्फासॅलाझिनची जोड दिली, चार महिने वाट पाहिली, अर्धवट उपयोग झाला. शेवटी हेपॅटायटिस बी ची तपासणी करून रिटुक्सिमॅबचे दोन डोस पंधरा दिवसांच्या अंतराने दिले. ते सीडी २० असलेल्या बी पेशींवरच जातं, म्हणजे सांध्यांना हवं आणि गाठीलाही नको असलेलं. खर्चासाठी भिशी आधी उचलावी लागली. दिनदर्शिकेवर तीही नोंद आहे.

मेथोट्रेक्सेट बंद होऊन आता सोळा महिने झाले. गाठ नाही. काहींच्या बाबतीत ती महिन्यांनी, कधी वर्षांनी परतते, म्हणून दर तीन महिन्यांनी मान, काख चाचपायची आणि लिम्फोसाइट मोजायचे. टक्केवारीत नाही, आकड्यात. आमच्या लॅबच्या छापील रिपोर्टवर आता तो आकडा गुणाकार करूनच येतो. अक्का दिवसाला चारशेच्या आसपास विड्या वळतात. उजव्या अंगठ्याचं पेर वाकडं झालंय, ते गड्ड्यानंतरच्या दिवसांतलं. सरळ होणार नाही. टोक दुमडायला त्या आता मधलं बोट वापरतात.

फॉर्मवरही एक ओळ वाढवली आहे: ‘गेल्या सहा महिन्यांत सुरू केलेली आणि बंद केलेली औषधं.’ बहुतेक फॉर्म ती ओळ कोरी ठेवूनच येतात. मग मी फोन लावतो.